मापाचा दोरा

शेणानं सारवलेल्या जमिनीवरचे दोरे केरसुणीनं निघत नाहीत. केरसुणी वरून फिरून जाते आणि दोरे आपले जागच्या जागी. त्यासाठी तळहात ओला करायचा आणि जमीन हलकेच थोपटत पुढं सरकायचं. दोरे हाताला चिकटतात. मग दोन्ही तळवे चोळायचे की त्यांची गोळी होते. कुणाला वाटेल, यात काय शिकायचं आहे. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

अकरा वर्षांची असताना कराडात आमच्या घरी माझी नेमणूक याच कामावर होती. नेमणूक करणारी आत्या. रोज तिन्हीसांजेच्या आत शिवणाची खोली आवरायची. मोठे तुकडे वाकळेच्या गाठोड्यात, दोऱ्यांच्या गोळ्या न्हाणीघरातल्या चुलीत, सापडलेली सुई आत्याच्या हातात. बदल्यात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. लढाई चालू होती, साखर कंट्रोलात गेली होती, पण गुळाला आमच्याकडं तोटा नव्हता. मी शेंगदाणे आधी खायचे आणि खोली नंतर आवरायचे, किंवा आवरायचेच नाही.

वडील पलटणीत होते. घरात आई, आत्या आणि मी. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कुंकू पुसून माहेरी आली आणि येताना एक हातमशीन घेऊन आली. परसदाराच्या शेजारची खोली तिनं मागून घेतली आणि बायकांच्या चोळ्या शिवायला लागली. पेठेत एक शिंपी होता, पण तो पुरुषमाणूस. त्याच्यापुढं हात वर करून उभं राहायचं म्हणजे बायकांना संकोच. त्या आत्याकडं यायच्या. कडेगावपासून, वडूजपासून बाया बाजाराला आल्या की आमच्या परसात येऊन बसायच्या, पाणी प्यायच्या, खण द्यायच्या आणि सासवांची उणीदुणी काढायच्या. मी ते कान टवकारून ऐकत असे. दोरे वेचायला उशीर व्हायचा तो त्यामुळंही.

आत्याकडं टेप होती, पण ती शोभेला. तिचं माप दोऱ्याचं. जाड सुताचा दोरा बाईच्या छातीभोवती धरायचा, तिथं गाठ. मग दंडाभोवती, दुसरी गाठ. मग उंची, तिसरी गाठ. दोऱ्याच्या टोकाला ओळखीची चिंधी, प्रत्येकीची निराळी. कुणाची लाल, कुणाची ठिपक्यांची, कुणाच्या जुन्या लुगड्याच्या काठाची. असे दोरे खिडकीजवळच्या खुंटीवर झुलत असायचे. एकदा दोरा झाला की बाईनं स्वतः यायची गरज नाही. बाजाराला निघालेल्या कुणाहीबरोबर खण पाठवायचा आणि निरोप द्यायचा, माझा दोरा हाय तुमच्याकडं. आत्या खुंटीकडं न बघता हात घालायची आणि बरोबर तोच दोरा काढायची. मला ती जादू वाटायची. अर्थात मला तेव्हा पुष्कळ गोष्टी जादू वाटायच्या. अभ्यास न करता पास होणं ही त्यांतली पहिली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी कडेगावच्या एक बाई हिरवा खण घेऊन आल्या. आम्ही त्यांना कडेगाववाल्या मावशीच म्हणायचो. त्यांची लेक वडूजच्या बाजूला दिली होती. तिला दिवस गेले होते. अजून गावाला सांगायचं नसतं, अशा वेळी तिसऱ्या महिन्यात माहेरची हिरवी चोळी गुपचूप जाते. तिला चोरचोळी म्हणतात. गुपचूप म्हणजे काय, तर सासरच्या चार बाया बसवून त्यांच्यादेखत पोरीच्या अंगात घालायची.

"दोरा हाय नव्हं लेकीचा?" मावशी म्हणाल्या.

"लग्नातलाच हाय. दोन बोटं वाढवून शिवती," आत्या म्हणाली. "आता अंग भरत असंल."

"लय जिवावर आणलाय खण. कंट्रोलात कापड कुठं मिळतंय. पेठेतल्या दुकानदाराला मावसभावाच्या नात्यातलं काय काय सांगितलं तवा दिला."

त्याच आठवड्यात आत्यानं खुंटीवरचे सगळे दोरे खाली काढले. जुन्या चिंध्या विटल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. एकेक दोरा मांडीवर घ्यायची, जुन्या चिंधीशी मिळतीजुळती नवी चिंधी बांधायची आणि बाजूला ठेवायची. कडेगावच्या लेकीचा दोरा पिवळ्या चिंधीचा. तो तिनं वेगळा काढून हिरव्या खणाशेजारी जमिनीवर ठेवला, कारण तोच आधी लागणार होता. जुनी पिवळी चिंधी सोडली आणि नवी आणायला ती आतल्या पेटीकडं गेली.

आणि नेमकं त्याच वेळी माझ्या अंगात शहाणपण शिरलं. चिंचेखाली मैत्रिणी सागरगोटे घेऊन जमल्या होत्या. आज काम लवकर उरकू या, असं मी ठरवलं. हात ओला केला, सबंध खोली सरासरा थोपटली, गोळी केली, न्हाणीघरात गेले आणि हंड्याखाली जाळात टाकली. मापाचा दोरा जाड असतो, त्याला गाठी असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोळे होते, पण ते आधीच चिंचेखाली जाऊन बसले होते.

परत येते तो आत्या खणापाशी बसून इकडंतिकडं चाचपत होती.

"इथला दोरा कुठं गेला गं?"

खरं सांगायला किती वेळ लागला असता. एवढासा. पण माझं डोकं खोट्याच्या बाबतीत फार चपळ चालायचं. लाडवांचा डबा मुंगसानं उघडला असं मी आईला सांगितलं होतं आणि मुंगसानं तो परत बंदही केला, हेही सांगितलं होतं. तेव्हा मी म्हणाले, "मी उचलून नीट ठेवलाय आत्या. आणते."

स्वयंपाकघरात आले. जाड सुताचा दोरा घेतला. आता माप कुणाचं घ्यायचं. आई मोठी होती, मी काटकुळी. मग आठवलं, लग्नाआधी ती मुलगी माप द्यायला आली होती तेव्हा आत्या तिला हसून म्हणाली होती, "काय गं, चरवी हायेस अगदी, दुधाची." आमची पितळी दुधाची चरवी फळीवर होती. गोल पोटाची, वर अरुंद गळ्याची. मी तिच्या पोटाभोवती दोरा धरला, गाठ मारली. गळ्याभोवती धरला, गाठ मारली. उंचीही चरवीचीच घेतली, आता अर्ध्यावर कशाला सोडा. तीन गाठी, अगदी आत्यासारख्या. त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे लिहिताना आज कान तापतात.

आत्यानं दोरा बोटांतून ओढून पाहिला. पुन्हा ओढला. "बारीक वाटतंय माप," असं पुटपुटली. मग म्हणाली, "लग्नाआधीचं माप हाय म्हणा." आणि दोऱ्याला नवी पिवळी चिंधी बांधली, दोन बोटं वाढवली आणि खणाला कात्री लावली.

चोळी गेली. मी सागरगोटे खेळले, दाणे खाल्ले. मला काहीसुद्धा झालं नाही.

पुढच्या एका बाजाराच्या दिवशी कडेगाववाल्या मावशी परसात आल्या. पदरानं तोंड पुसत ओट्यावर टेकल्या.

"बसा की," आत्या म्हणाली. "दमलासा."

"दमती न्हाई तर काय. लढाईपायी पेट्रोल न्हाई, कोळशाच्या गॅसवरची मोटार ती. चढ आला की आमालाच ढकलायला लावत्यात." मग त्यांनी पिशवीतून हिरवी चोळी काढली आणि ओट्यावर ठेवली. "राग धरू नगासा आत्याबाई."

"काय झालं?"

"अंगात शिरंना. बाही दंडावर अडाकली ती अडाकलीच. समद्या बाया बसल्याल्या. तिची सासू म्हनली, विहीणबाई, चोळी आनलीया का झबलं? बाळाला अजून येळ हाय म्हनावं. समद्या हसल्या."

"आन् पोरगी?"

"ती बी हसली. मग आत जाऊन बसली ती भायेर आलीच न्हाई." मावशींनी चोळीची घडी नीट केली. "एक म्हातारी म्हनली, चोरचोळी अंगाला लागली न्हाई, ह्ये बरं न्हवं. म्या म्हनलं, गप बसा."

मी दाराआड होते. झबलं हा शब्द ऐकून मला आधी हसू आलं होतं. पोरगी आत जाऊन बसली, हे ऐकल्यावर ते विरलं.

मावशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा हात असा कवा चुकला न्हवता. वय हुतंय, आवं. मला तरी कुठं सुई ववता येतीया आता."

त्या गेल्यावर आत्यानं चोळी मांडीवर पसरली आणि पिवळ्या चिंधीचा दोरा लावून पाहिला. चोळी दोऱ्याबरहुकूम होती, वर दोन बोटं. म्हणजे शिवण चुकली नव्हती, दोराच दुसऱ्याचा होता. मग खुंटीवरचा सगळा झुबका तिनं खाली काढला आणि एकेक दोरा हातात घेऊन परत ठेवू लागली.

"वहिनी," ती आईला म्हणाली, "चिंध्या बदलताना माज्याकडनं उलटंपालटं झालंय. ह्या कुणाच्या दोऱ्याला कुणाची चिंधी बांधली, मला ठावं न्हाई."

"एक चुकला म्हणून सगळे कसे चुकतील?"

"एक चुकला त्ये तरी मला कुठं कळलं? त्या बायनं आणून दावलं तवा कळलं."

दुसऱ्या दिवसापासून आत्यानं कात्री हातात घेतली नाही. दिवाळीचे खण आले होते, ते तसेच घडी घालून ठेवले. कुणी आलं तर म्हणायची, पेठेत द्या, माजं आता खरं न्हाई. फाटलेलं सांधायची, बटणं लावायची. खुंटीवर दोरे लोंबत होते आणि आता ती मान वर करून त्यांच्याकडं बघायची, कुठला कुणाचा ते ओळखायला. जेवताना एकदा तिनं आईला विचारलं, "काल म्या भाजीत मीठ घातलं हुतं का?" घातलं होतं. बरोबर घातलं होतं. पण तिला आता मिठाचाही भरवसा वाटेना. शिवणाबरोबर बाकीचीही खात्री हातातून चालली होती, आणि ती कुठल्या चुलीत गेली ते फक्त मला माहीत होतं.

मग मी काय केलं? मी गुणी झाले. खोली दोनदा आवरायला लागले. मशीनखाली आडवी पडून कोपरे थोपटायला लागले. न सांगता पाणी भरलं, शेंगदाणे नको म्हणाले. आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, "पोरगी शहाणी झाली हो. आपल्या हातातलं सुटत चाललं की पोरांना समजतंय बघा." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच घडलं असावं, कारण आईनं लगेच माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

शेवटी एका दुपारी मी आत्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्या, तो दोरा मी केला."

"कुठला?"

"पिवळ्या चिंधीचा. खरा मी चुलीत टाकला. चुकून. मग चरवीचं माप घेऊन दुसरा केला."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. किती दिवसांनी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "चरवीचं."

"होय. छाती म्हणजे चरवीचं पोट आणि दंड म्हणजे गळा."

"आन् मुंगसानं गाठी मारल्या आसतील."

"खरंच आत्या."

"जा बाळ," ती म्हणाली. "माज्यासाठी आसलं काय काय रचत बसू नगं. कळतंय मला तुजं मन."

मी आयुष्यात बोललेलं ते पहिलं महागडं सत्य असेल आणि ते कुणी घेईना. अंगाचा असा संताप झाला की विचारू नका. खोटं बोलताना माझ्यावर सगळे विश्वास ठेवायचे, निदान मला तसं वाटायचं. आता कळलं की तेही ठेवत नव्हते, नुसतं सोडून देत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. चरवीत दूध होतं. ते पातेल्यात ओतलं. आई म्हणाली, "काय चाललंय तुझं?" मी चरवी विसळली, पदर नव्हता म्हणून परकराला पुसली आणि आत्याच्या पुढ्यात आणून ठेवली. हिरवी चोळी मशीनच्या पेटीत होती. मावशींनी उसवायला म्हणून ठेवली होती, पण आत्याला ती उसवायचा धीर झाला नव्हता. मी चोळी काढली, चरवीच्या पोटाभोवती गुंडाळली आणि पुढं गाठ मारली.

बसली. जरासुद्धा चुणी नाही. बाह्या दोन्हीकडं कानांसारख्या लोंबत होत्या, पण पोटावर ती चोळी अशी बसली होती की त्या चरवीला सासरी पाठवायला हरकत नव्हती.

आई दारात येऊन उभी होती. आत्यानं हात पुढं केला आणि चोळीच्या आणि चरवीच्या मध्ये दोन बोटं घातली. नेमकी दोन बसली. मग तिनं चोळी वर सरकवून बाही चरवीच्या गळ्याला लावून पाहिली. मग उंची. मग ती मागं टेकून बसली.

मला वाटलं, आता मारणार. मी गालही पुढं केला असेन. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली कुठंतरी मला अभिमानही वाटत होता, की बघा, माप कसं बरोबर घेतलं होतं. इतकी मी मूर्ख होते.

आत्या रागावली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मला म्हातारी केलीस गं तू."

आईनं मात्र माझा कान धरला तो सोडलाच नाही. "चल कडेगावला. मावशींच्या पायावर नाक घास. बाजारात सगळ्या बायकांना सांग, काय उद्योग केलास ते."

"सोडा तिला वहिनी," आत्या म्हणाली. "उद्या लगीन व्हायचंय पोरीचं. त्याच बाया, त्याच गावांतनं सोयरीक येणार. खोटी पोर म्हणून एकदा तोंडी बसलं की कोण करंल हिला?"

"मग त्यांना सांगायचं काय?"

"चिंधी बदलली माज्याकडनं, आसं सांगायचं. एकच बदलली."

आईनं आपल्या पेटीतला हिरवा खण काढून दिला. आत्या पुढच्याच मोटारीनं स्वतः दोरा घेऊन वडूजकडं गेली, त्या पोरीचं माप घेऊन आली आणि आल्या आल्या चोळी बेतली. कात्री चालल्याचा तो आवाज ऐकून आईनं माझ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी तो आवाज घरात होता. आत्याचा हात पहिल्यासारखा चालत होता, न बघता खुंटीकडं जात होता. पोरीला पुढं मुलगी झाली, दोघी धडधाकट. तो निरोप येईपर्यंत मी रोज देवापुढं बसून चोरचोळीवरून अशुभ बोललेल्या त्या म्हातारीचा शब्द परत घ्यायला सांगत होते.

पण आत्याला जे कळलं होतं ते बाजाराला कळलं नव्हतं. बाजाराला तिनंच सांगितलेलं माहीत होतं, की तिच्याकडून चिंधी बदलली. एकच बदलली, हे ती म्हणायची. बायका मान डोलवायच्या आणि खुंटीकडं बघायच्या. "माजा दोरा बरुबर हाय नव्हं?" कुणी हसत विचारायची. आत्या म्हणायची, "अगदी बरुबर." काहीजणी पुन्हा माप देऊन गेल्या. काहीजणी यायच्या, पाणी प्यायच्या, सासवांचं सांगायच्या आणि खण मात्र पिशवीतच ठेवून उठायच्या. त्या पिशव्या पेठेच्या दिशेनं जाताना परसदारातून दिसायच्या. संकोच बाजूला ठेवून त्या शिंप्यापुढं हात वर करून उभ्या राहत होत्या, माझ्यामुळं. कडेगाववाल्या मावशी तेवढ्या शेवटपर्यंत आत्याकडंच आल्या. त्यांना बघितलं की मी गोठ्यात जायचे.

एकदा आत्या मशीनवर बसली असताना मी तिला म्हणाले, "मी सांगते बाजारात. खरं काय ते."

"न्हाई म्हटलं ना."

"मग तुझ्या चोळ्या…"

"हायत की. येत्यात जेवढ्या येत्यात." तिनं चाक फिरवलं, थोडं शिवलं, थांबली. "आन् तू सांगितलंस तरी कोण मानंल? चरवीचं."

ती हसत होती. मला हसता आलं नाही.

त्या खोलीत संध्याकाळी मी हात ओला करून बसायचे. पूर्वी दारापासून खिडकीपर्यंत थोपटेस्तोवर तळव्यावर दोऱ्यांचा थर व्हायचा. आता मशीनच्या आसपास फिरलं की झालं. हात उचलून बघावा तर चार दोरे, तेही कुणाच्या सांधायच्या सदऱ्याचे.

"आवरलं बी?" आत्या मशीनवरून विचारायची. तिच्या बोलण्यात टोचणी नसायची, तेच सहन व्हायचं नाही. "बघ, किती लवकर हुतंय आता तुजं. जा की खेळायला."

आणि खोटं कशाला सांगू, मी जायचे.